एका रात्रीचा पाहुणा

नाताळची सुट्टी लहान असते. मे महिन्याच्या सुट्टीसारखं तिच्यात आजोळ मावत नाही, आंब्याच्या अढ्या मावत नाहीत. शाळेचं गॅदरिंग आटोपलेलं असतं, नवं वर्ष तोंडावर आलेलं असतं आणि मधले आठ-दहा दिवस हातात असतात. सकाळी घरातली माणसं उन्हाच्या कवडशाबरोबर सरकत बसतात, संध्याकाळी लवकर अंधारतं, आणि जेवणं झाल्यावर गोधडीत शिरलेल्या मुलांना झोप म्हणून येत नाही. अशा दिवसांत जाडजूड पुस्तक नको वाटतं. एका बैठकीत संपेल आणि मग सुट्टीभर मनात राहील, अशी गोष्ट हवी असते. रेमंड ब्रिग्ज यांचं ‘द स्नोमॅन’ ही मला माहीत असलेली तशी सगळ्यात सुंदर गोष्ट. १९७८ साली ती इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. पानं बत्तीस. गोष्टीत शब्द एकही नाही.

गोष्ट एवढीच: एक मुलगा सकाळी उठतो, तर बाहेर सगळीकडे बर्फ. तो धावत अंगणात जातो आणि दिवसभर खपून एक बर्फाचा माणूस करतो. डोळ्यांना आणि बटणांना कोळशाचे तुकडे, नाकाच्या जागी छोटं संत्रं, डोक्यावर हॅट, गळ्यात मफलर. रात्री झोप लागत नाही म्हणून मुलगा दार उघडून बघतो, तर तो माणूस जिवंत झालेला. मुलगा त्याला घरात घेतो, घर दाखवतो, जेवू घालतो. मग तो माणूस मुलाचा हात धरून त्याला आकाशात नेतो. उजाडायच्या आत दोघं परततात. सकाळी मुलगा बाहेर धावतो. अंगणात बर्फाचा ढिगारा उरलेला असतो, त्यावर हॅट, मफलर, संत्रं, कोळसे. इथे पुस्तक संपतं.

शेवट आधीच सांगून टाकला, पण त्याने या पुस्तकाचं काही बिघडत नाही. पुढे काय होणार हे ठाऊक असूनही मूल दहाव्यांदा तितक्याच ओढीने पहिलं पान उघडतं.

मराठीत बोलायला लागलो की या पुस्तकाच्या नावापासूनच अडचण सुरू होते. ‘हिममानव’ म्हणावं तर आपल्या डोळ्यांसमोर हिमालयातला तो केसाळ, मोठ्या पावलांचा यती उभा राहतो. ‘बर्फाचा माणूस’ म्हणावं तर ‘बर्फ’ हा शब्द आपल्याकडे आधीच कामात अडकलेला आहे. तो फ्रीजच्या ट्रेमध्ये असतो, गोळेवाल्याच्या गाडीवर असतो, मासळीबाजारातल्या पेटीत असतो. तो कडक असतो, किसावा लागतो. आभाळातून कापसासारखा पडणारा, पायाखाली करकरणारा, हातात घेऊन थापता येणारा बर्फ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नसतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कडाक्याच्या थंडीत दव गोठतं, गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर पांढरे कण दिसतात, आणि त्याचे फोटो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतात. महाराष्ट्रातल्या बर्फाची धाव तेवढीच. म्हणून मुलं सरळ ‘स्नोमॅन’ म्हणतात आणि मीही इथे तोच शब्द वापरणार आहे.

पुस्तक करणाऱ्याविषयी थोडं सांगायला हवं. ब्रिग्ज १९३४ साली लंडनच्या विंबल्डन भागात जन्मले. वडील दारोदार दूध पोहोचवत, आई लग्नाआधी मोठ्या घरात नोकरीला होती. या दोघांच्या साध्या संसारावर ब्रिग्जनी पुढे, १९९८ साली, ‘एथेल अँड अर्नेस्ट’ हे चित्रमय चरित्र केलं. चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेऊन ते मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढू लागले. १९७३ साली त्यांनी ‘फादर ख्रिसमस’ केलं. त्यातला नाताळबाबा थंडीने वैतागलेला, कामाने दमलेला, घरी येऊन गरम पाण्यात पाय सैल सोडणारा कष्टकरी म्हातारा आहे. त्या पुस्तकाला ब्रिटनमधला चित्रपुस्तकांसाठीचा मानाचा केट ग्रीनअवे पुरस्कार मिळाला.

त्यानंतर दोन वर्षं ते ‘फंगस द बोगीमॅन’ या पुस्तकात बुडाले होते. ते पुस्तक म्हणजे चिखल, शेवाळ, बुळबुळीत ओल आणि पानापानावर शब्दांची दाटी. ते हातावेगळं झाल्यावर त्यांना स्वच्छ, ताजं, मोकळं आणि निःशब्द असं काही करावंसं वाटलं. दमलेला माणूस खिडकी उघडतो, तसं ‘द स्नोमॅन’ झालं.

ते त्यांनी रंगीत पेन्सिलींनी काढलं. शाईच्या बाह्यरेषा काढून आत रंग भरण्याची नेहमीची रीत त्यांनी इथे सोडली. त्यामुळे कोणत्याच वस्तूला टोकदार कड नाही. भिंत, पलंग, मुलाचा गाऊन, बाहेरचं अंगण, सगळं एकमेकांत हलकेच मिसळतं. बर्फ पडल्यावर बाहेरच्या जगाच्या कडा जशा बुजतात, तशाच इथे कागदावरही बुजतात. चित्र डोळ्यांजवळ नेलं तर पेन्सिलीचे बारीक फराटे दिसतात, कागदाचा पोत दिसतो. मुलांना हे पटकन कळतं, कारण ही हत्यारं त्यांच्याही कंपासपेटीत असतात. हे हाताने केलेलं आहे, आणि आपल्याला अशी पेन्सिल चालवता येते, ही ओळख पटली की पुस्तक त्यांच्या जवळचं होतं.

आता शब्द नसलेलं पुस्तक वाचायचं कसं? हा प्रश्न मोठ्यांनाच पडतो. आणि खरं तर आपल्याला तो पडायचं कारण नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले चित्रकथी पिढ्यानपिढ्या हेच करत आले आहेत. चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि रामायण-महाभारतातली कथा गात, सांगत जातो. चित्र तेच राहतं. सांगणारा कोण, ऐकायला कोण बसलंय, रात्र किती झाली, यावर शब्द ठरतात. ही कला टिकवणारे पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा अनेकांनी तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं. आपल्या काळात माधुरी पुरंदरे यांनी लिहून आणि चित्रं काढून मुलांसाठी जी पुस्तकं केली, त्यांतही चित्र मजकुराच्या मागे मागे चालत नाही, स्वतः बोलतं. ‘द स्नोमॅन’ हाती घेताना हा वारसा आपल्या पाठीशी आहे. बत्तीस पानांची ती एक पोथीच आहे, आणि चित्रकथी ज्याने त्याने आपल्या घरी व्हायचं आहे.

आमच्या घरी ते काम माझ्या आईने केलं.

माझी बहीण इंग्लंडमध्ये असते. एका नाताळच्या सुट्टीत ती सहा वर्षांच्या मुलाला घेऊन पुण्याला आली. त्याला मराठी समजत होतं, बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. आईला इंग्रजी वाचता येत नाही. पहिले दोन दिवस रात्री गोष्टीची वेळ झाली की अवघड व्हायचं. त्याने आणलेली पुस्तकं तिला वाचता येईनात आणि आमच्या घरातली पुस्तकं त्याला परकी वाटत. तिसऱ्या रात्री त्याने पिशवीतून ‘द स्नोमॅन’ काढलं. आईने चष्मा लावला, दोन पानं उलटली, म्हणाली, “अरे, हे मला येतं वाचायला.”

आणि तिने खरोखरच वाचलं. तिने बर्फ पाहिलेला नव्हता. ते सगळं तो तिला समजावत होता. बर्फ पडताना आवाज येत नाही, आजी. तो थापून थापून बसवावा लागतो. हातमोजे ओले होतात. ती मान डोलवत ऐकत होती. पण स्नोमॅनने दारात हॅट उचलून अभिवादन केलं आणि सूत्रं तिच्याकडे आली. “हे बघ, पाहुणा आला,” ती म्हणाली. “आता त्याला दारात उभं ठेवायचं नसतं. आत बोलवायचं, बस म्हणायचं.”

मी हे पुस्तक त्याआधी कितीदा तरी पाहिलं होतं. कल्पनारम्य गोष्ट, एक निर्जीव वस्तू जिवंत होते, मुलाला मित्र मिळतो, असं मी ते वाचत आले होते. आईच्या त्या एका शब्दाने सगळी पानं माझ्यासाठी नव्याने लागली. या पुस्तकाचा मधला मोठा भाग पाहुणचाराचा आहे. मुलगा पाहुण्याला घरात घेतो. दिवा लावून दाखवतो, विझवून दाखवतो. टीव्ही दाखवतो. शेकोटीपाशी पाहुणा दचकतो, कारण तिथे त्याच्या जिवाला धोका आहे. मुलाच्या ते लक्षात येतं. दोघं दबकत आई-वडील झोपलेल्या खोलीत शिरतात आणि पाहुणा वडिलांचे कपडे, चष्मा घालून बघतो. मोटारीत बसून दिवे लावून बघतो. आणि त्याला जरा विसावा मिळावा म्हणून मुलगा काय दाखवतो, तर डीप फ्रीजर! आपण पाहुण्याला पंख्याखाली बसवतो, तसा तो त्याला गोठवणाऱ्या पेटीत निजवतो. पेटीत पाठ टेकून पडलेल्या स्नोमॅनच्या चेहऱ्यावर जे समाधान आहे, ते ब्रिग्जनी दोन कोळशांच्या डोळ्यांत आणि एका वाकड्या रेषेच्या ओठांत कसं आणलं असेल, याचं मला अजूनही नवल वाटतं. मग मुलगा टेबल मांडतो, मेणबत्ती लावतो, आणि दोघं समोरासमोर बसून जेवतात.

“ज्याला जे मानवतं, ते त्याला द्यायचं,” आई फ्रीजरच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली. नातवाला ते इतकं पटलं, की दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या तेव्हा त्याने त्यांना थंड पाणी हवं की साधं, हे दोनदा विचारलं.

पाहुणचाराची ही पानं बारीकसारीक चौकटींनी भरलेली आहेत. डोळा एका चौकटीवरून दुसरीवर छोट्या पावलांनी जातो, जसं आपण रात्री झोपलेल्या घरात फिरतो. मग पाहुणा मुलाचा हात धरतो, दोघं अंगणातून धावत सुटतात आणि पाय जमिनीवरून सुटतात. इथे चौकटी एकदम मोठ्या होतात. छतं गेली, भिंती गेल्या. उरलं आभाळ, पडणारा बर्फ आणि खाली निजलेला प्रदेश. या पानावर आमच्याकडे कुणी काही बोललं नाही. आईने नुसतं पान धरून ठेवलं.

दोघं उडत जातात ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन शहराकडे. खाली तिथल्या रॉयल पॅव्हिलियनचे घुमट दिसतात. हा राजवाडा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानी वास्तूंच्या धाटणीवर सजवला गेला. पुढे समुद्रात शिरणारा धक्का आहे. ब्रिग्ज याच परिसरात, साउथ डाउन्स टेकड्यांच्या पायथ्याशी वेस्टमेस्टन इथे राहत. मुलाचं ते घर, ते अंगण, ती टेकडी त्यांच्या रोजच्या पाहण्यातली. परीकथेतला कुठला तरी दूरचा देश त्यांनी शोधला नाही. आपल्या दारातून निघून आपल्याच समुद्राकडे नेलं. पाहुण्याने काय दाखवलं, तर मुलाचाच मुलूख, पण वरून आणि बर्फाखाली झाकलेला. यजमानाने घर दाखवलं, पाहुण्याने त्याची परतफेड आभाळ दाखवून केली.

या पुस्तकाच्या नावाने अनेकांना आधी आठवतो तो त्यावरचा चित्रपट. डायॅन जॅक्सन यांच्या दिग्दर्शनाखाली झालेला हा सुमारे २६ मिनिटांचा सचेतपट २६ डिसेंबर १९८२ रोजी ब्रिटनच्या चॅनल फोर वाहिनीवर पहिल्यांदा दाखवला गेला. ती वाहिनी तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. हॉवर्ड ब्लेक यांचं संगीत, उड्डाणाच्या वेळी पीटर ऑटी या लहान मुलाने गायलेलं गाणं आणि पेन्सिलीचा पोत पडद्यावर आणण्यासाठी चित्रकारांनी घेतलेले अपार कष्ट, यांमुळे तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. तिकडच्या घरांत नाताळ म्हटला की तो लागतोच. तिथे राहणाऱ्या मराठी घरांतही मुलं सोफ्यावर पांघरूण घेऊन तो बघतात.

चित्रपट सुंदर आहे, जरूर बघावा. पण आधी पुस्तक बघावं, असं मी आग्रहाने सांगेन. चित्रपटात स्नोमॅन मुलाला उत्तरेकडे नेतो, तिथे नाताळबाबा भेटतो, मुलाला मफलर भेट देतो, आणि शेवटी तो मफलर मुलाच्या खिशात सापडतो. घडलं ते खरं होतं, याचा पुरावा मिळतो. पुस्तकात यातलं काहीच नाही. नाताळबाबा नाही, सजवलेलं झाड नाही, भेट नाही, नाताळचा दिवसही नाही. आहे ती हिवाळ्यातली एक रात्र. म्हणूनच हे पुस्तक नाताळ साजरा करणाऱ्या घरात जितकं शोभतं, तितकंच हुरडा खाऊन आलेल्या आणि संक्रांतीच्या हलव्याची वाट बघणाऱ्या घरातही शोभतं. आणि त्यात पुरावा नाही, म्हणून विश्वास ठेवायचा की नाही हे मुलाच्या हाती राहतं.

शेवटच्या पानाविषयी पालकांना धास्ती वाटते. मला अनेकांनी विचारलं आहे, की इतक्या लहान मुलाला हे कशाला दाखवायचं. काही जण ते पान घाईने उलटतात, काही जण पदरचं जोडतात की उद्या पुन्हा बर्फ पडेल आणि स्नोमॅन परत येईल. कळकळीने सांगते, असं करू नका. ब्रिग्जचे आई-वडील दोघंही १९७१ साली गेले, आणि दोन वर्षांनी पत्नीही रक्ताच्या कर्करोगाने गेली. पुस्तक त्या दुःखातूनच आलं असं ठोकून सांगायची गरज नाही. पण जाणं म्हणजे काय, हे ठाऊक असलेल्या माणसाने ते काढलं आहे. बर्फ वितळतो, आई-वडील जातात, फुलं सुकतात, प्राणी मरतात, आणि यात विशेष उदास होण्यासारखं काही नाही, तो जगण्याचाच भाग आहे, असं ते नंतर सांगत असत. मुलाला समजावणारी, कुशीत घेणारी आई त्या पानावर त्यांनी काढली नाही. ती जागा त्यांनी मोकळी ठेवली. पुस्तकाबाहेर, गोधडीत, मुलाला खेटून जे कुणी बसलेलं असेल, त्याच्यासाठी ती जागा आहे.

म्हणून हे पुस्तक मुलाच्या हातात देऊन आपण उठून जाऊ नये. जवळ बसावं. पान उलटण्याचा हक्क मुलाकडे द्यावा, कारण कुठे थांबायचं हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. शब्द आपल्या घरातले वापरावेत. स्नोमॅन मालवणीत बोलला, वऱ्हाडीत बोलला, अहिराणीत बोलला तरी ब्रिग्जच्या चित्राला काही धक्का लागत नाही. दुसऱ्या रात्री मुलाला सांगू द्यावं आणि आपण ऐकावं; आपण न पाहिलेलं काहीतरी त्याने पाहिलेलं असतं. “यातून काय शिकलास?” हे मात्र विचारू नये. शेवटच्या पानावर मूल गप्प झालं, तर आपणही गप्प राहावं. रडलं, तर रडू द्यावं. ते रडणं चांगलं आहे. ओळख झाली, माया जडली, म्हणून आलेलं आहे.

आमच्याकडे तो भाचा रडला नाही. तो बराच वेळ त्या ढिगाऱ्याकडे बघत राहिला. त्या सुट्टीत आई त्याला एक गोष्ट सारखी शिकवत होती. कुणाच्या घरून निघताना तो “जातो” म्हणायचा, आणि ती प्रत्येक वेळी सांगायची, “जातो म्हणू नये बाळा, येतो म्हणावं.” त्याला त्याची गंमत वाटायची, कारण निघताना येतो कसं म्हणायचं?

त्या रात्री पुस्तक उघडंच ठेवून त्याने विचारलं, “आजी, तो येतो म्हणाला होता का?”

आईने लगेच उत्तर दिलं नाही. तिने पानं मागे उलटली. उजाडायच्या आत दोघं अंगणात परत आले आहेत, निरोप घेत आहेत, तिथे ती थांबली. चष्मा सारखा केला आणि चित्र नीट पाहिलं.

“म्हणाला असेल,” ती म्हणाली. “चित्रात ऐकू येत नाही.”

त्याने ते चित्र पुन्हा एकदा कान देऊन पाहिलं, आणि मग स्वतःच पुस्तक पहिल्या पानावर आणलं.